उस्ताद गेला. वहिनींची कागदं, त्याची मेडलं आणि गावातला दगड: काय, कसं, कुठे?

कोरेगावकर

आपल्या वर्कशॉपचा उस्ताद गेला. हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, ईएमई (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी कोर). १९८३ ला भरती, २००७ ला पेन्शन, वय ६१. हृदयविकाराचा झटका गावीच आला, तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दहावं-तेरावं झालं, पाहुणे परतले.

ग्रुपवर सगळ्यांनी मनापासून लिहिलं. आता हाताला काम हवं. वर्कशॉपच्या जुन्या लोकांनी तीन गोष्टी अंगावर घ्यायचं ठरवलंय. पहिली म्हणजे वहिनींची फॅमिली पेन्शन आणि बाकीची कागदं. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, हुशार आहे, पण फौजेची कागदं त्याने कधी हाताळलेली नाहीत. दुसरी, मेडलं. काळ्या ट्रंकेत, पांढऱ्या रंगाने नंबर-नाव घातलेल्या त्याच ट्रंकेत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सात मेडलं सुटी पडलेली आहेत. रिबनींना वाळवी नाही, पण दोन फिक्या पडल्यात आणि एका मेडलवर हिरवट थर आलाय. तिसरी, गावात त्याच्या नावाचा एक दगड.

ट्रंकेत सापडलेली कागदं: डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ (पेन्शनचा मंजुरी आदेश), दुरुस्ती पीपीओची झेरॉक्स, बँकेची दोन पासबुकं (एक जॉइंट), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कँटीन कार्ड, एजीआयचं (फौजेच्या गटविम्याचं) एक सर्टिफिकेट. ज्यांनी ही कामं केलेली आहेत त्यांनी सविस्तर लिहा. आणि ज्यांना तो आठवतो त्यांनी त्याचं काम लिहा. स्वभावाबद्दल सगळेच सांगतात, त्याच्या हातात काय होतं ते कुठेतरी उतरायला हवं.

---

पेन्शनखाते

भावपूर्ण श्रद्धांजली. कागदांचं मी सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला की तीच फाइल पुन्हा फिरते.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, ३० दिवस ते एक वर्ष असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या निदान आठ-दहा सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. बँक, रेकॉर्ड, ईसीएचएस, विमा, तलाठी, प्रत्येकाला एक लागते.

दाखला लिहून घेतानाच पीपीओ समोर ठेवा. गावात 'आप्पा' म्हणून ओळखला जाणारा माणूस दाखल्यावर 'आप्पासाहेब' होतो आणि पीपीओवर वेगळंच असतं. मराठी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही पीपीओप्रमाणे हवं. ग्रामसेवकाला त्याच वेळी सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

मग पेन्शन कुठून येत होती ते पाहा. आता बहुतेकांची 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर गेलेली आहे, म्हणजे प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण पेन्शनच्या लेखा कार्यालयाकडून थेट खात्यात. पोर्टलवर मृत्यू कळवण्याची सोय आहे. मुलाला जमत नसेल तर सीएससी केंद्र किंवा डीपीडीओमध्ये (संरक्षण पेन्शन वाटप कार्यालयात) जा. बँकेतूनच येत असेल तर शाखेत अर्ज.

ही पायरी लांबवू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. मध्ये जमा झालेली जादा रक्कम परत घेतलीच जाते. खर्चाच्या घाईत एटीएममधून ती काढली जाते आणि मग फॅमिली पेन्शनमधून हप्ते कापले जातात. वहिनींना सांगा, त्या तारखेनंतर जमा झालेल्या पैशाला हात लावू नका.

दर असा: साध्या फॅमिली पेन्शनचा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पण सुरुवातीला वाढीव दर मिळतो, ५० टक्के. पेन्शनर गेला असेल तर तो ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. उस्ताद ६१ व्या वर्षी गेला, म्हणजे इथे ६७ ची तारीख आधी येते. साधारण सहा वर्षं वाढीव, मग ३० टक्के. वाढीव दर त्याच्या मूळ पेन्शनपेक्षा जास्त नसतो. त्याने कम्युटेशन केलं होतं का, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला होता का, हा प्रश्न वहिनी विचारतील. त्याचा कापलेला भाग फॅमिली पेन्शनमधून वजा होत नाही. वन रँक वन पेन्शन फॅमिली पेन्शनलाही लागू आहे, १ जुलै २०२४ ची फेररचना धरली आहे की नाही तेवढं नव्या पीपीओवर तपासा.

त्याने पेन्शननंतर दुसरी नोकरी केली होती का? डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोर), बँक गार्ड, एसटी, काहीही. २४ सप्टेंबर २०१२ पासून फौजेची आणि नागरी नोकरीची अशा दोन्ही फॅमिली पेन्शन घेता येतात. पुष्कळ घरांत दुसरीचा अर्जच केलेला नसतो.

जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असेल आणि पीपीओवर वहिनींचं नाव असेल तर फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येऊ शकते, नवं खातं उघडायचा आग्रह धरता येत नाही. हे शाखेत नम्रपणे पण ठामपणे सांगा.

एजीआयचं जे सर्टिफिकेट आहे ते नीट वाचा. निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता घेऊन वाढीव विमा दिलेला असतो, त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. तारीख शिल्लक असेल तर क्लेम एजीआय भवन, राव तुलाराम मार्ग, नवी दिल्ली इथे. आणि बँकेत विचारा की पेन्शन खातं डिफेन्स पॅकेजमध्ये होतं का. त्यातला विमा बहुतांशी अपघाती मृत्यूचा असतो, त्यामुळे इथे बसणार नाही, पण विचारून खात्री करावी.

---

जाईजुई

माझ्या सासूबाईंची फाइल आत्ताच पूर्ण झाली म्हणून विचारते. वहिनींचं लग्नानंतर नाव बदललं होतं का? आमच्याकडे तिथेच सगळं अडलं होतं.

---

कोरेगावकर

@जाईजुई, हो. डिस्चार्ज बुकात आणि पीपीओवर माहेरचं पहिलं नाव आहे, आधारवर लग्नात ठेवलेलं नाव. जन्मतारखेचंही फक्त वर्ष जुळतंय.

---

सुभेदार (नि.)

आपल्या भागात हे घरोघरी आहे. भरतीनंतर लग्न झालं की जवान युनिटमध्ये सांगेल ते नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या नोंदींच्या आदेशात) चढायचं. सुट्टीवरून परतलेला जवान घाईत माहेरचं नाव सांगून टाकायचा, आणि आधार आलं तेव्हा घरात रुळलेलं नाव लागलं.

नोकरीत असताना दुसरी पार्ट टू ऑर्डर काढून दुरुस्ती होते. आता रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागेल. ईएमईचं रेकॉर्ड सिकंदराबादला आहे. (वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल जबलपूर, रणगाडे आणि मेकनाइज्ड अहिल्यानगर.)

अर्जासोबत दोन्ही नावं एकाच स्त्रीची असल्याचं प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोरचं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, शाळेचा दाखला असल्यास तो, लग्नाचा पुरावा, पीपीओवरचा जॉइंट फोटो. नोटरीचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी परत येतं, म्हणून दंडाधिकाऱ्यांचंच करा. फाइल थेट पोस्टाने टाकू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारस घेऊन पाठवा, जावक क्रमांक मिळतो आणि नंतर विचारणा त्याच क्रमांकावर करता येते.

आधार बदलून पीपीओशी जुळवायचा मोह होतो. तसं केलंत तर पॅन, बँक, सातबारा, रेशन सगळं पुन्हा बदलावं लागेल. पीपीओ दुरुस्त करा, त्याचा कॉरिजेंडम (दुरुस्ती आदेश) येतो.

नाव जुळत नाही म्हणून मृत्यू कळवायचं मात्र थांबवू नका. दोन्ही कामं बरोबरीने चालू द्या.

---

जाईजुई

साहेब, फार उपयोगी. यात भर: ईसीएचएसमध्ये वहिनी आता मुख्य सभासद होतील, त्यांचं कार्ड त्याप्रमाणे बदलून घ्यावं लागतं, त्याचं कार्ड परत करायचं. कँटीनचंही तसंच, वहिनींच्या नावाने नवं कार्ड निघतं. ग्रामपंचायतीची घरपट्टी माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना माफ आहे (बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना), पण आपोआप होत नाही, सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लावून अर्ज द्यावा लागतो.

आणि एक कळकळीचं. पीपीओ, आधार, पासबुक यांचे फोटो मदत म्हणून ग्रुपवर टाकू नका. बातमी पसरली की 'पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, ओटीपी सांगा' असे फोन येतात. वहिनींना आणि मुलाला आजच सांगून ठेवा की कुठलंही पेन्शन कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.

---

पाटण_१९

एक विचारायचं होतं. अंत्ययात्रेत तिरंगा घालायचा की नाही यावरून गावात थोडी बोलाचाली झाली. पोरं झेंडा घेऊन आली होती, एका जुन्या सुभेदारांनी थांबवलं. घरच्यांना वाटलं की मान नाकारला.

---

सुभेदार (नि.)

ज्यांनी थांबवलं त्यांनी योग्य केलं, आणि घरच्यांना समजावून सांगितलं पाहिजे की यात मान कमी झालेला नाही. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा १९७१ प्रमाणे पार्थिवावर राष्ट्रध्वज फक्त शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी दलाच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारात घालता येतो. खासगी अंत्यसंस्कारात घातला तर तो गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. निवृत्त सैनिकाच्या घरी भावनेच्या भरात हे होतं.

जिथे इतमाम असतो तिथे ध्वजसंहितेप्रमाणे केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. ध्वज चितेवर जळू द्यायचा नाही की कबरीत उतरवायचा नाही. अग्नी देण्याआधी काढून, घडी करून घरच्यांच्या हाती द्यायचा. घडी अशी: ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग दिसेल. दोन्ही तळहातांवर न्यायचा.

पुढच्या वेळेसाठी, म्हणजे आपल्यापैकी कोणाचीही वेळ येईल तेव्हासाठी: जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच फोन करायचा. नंबर, रँक, नाव, कोर, अंत्यसंस्काराची वेळ आणि जागा सांगायची. माणसं उपलब्ध असतील तर पुष्पचक्र आणि बिगुलरची व्यवस्था होऊ शकते. ती हमखास होईल असं घरच्यांना आधी सांगू नका.

---

मेडल_रिबन

मेडलांकडे येतो. त्या डब्यातली सात मेडलं १९८३ ते २००७ च्या नोकरीला अगदी जुळतात. बहुधा अशी असतील: ऑपरेशन विजय, ऑपरेशन पराक्रम, सैन्य सेवा, हाय अल्टिट्यूड, ५० वा स्वातंत्र्य वर्धापनदिन (१९९७), २० वर्षं आणि ९ वर्षं दीर्घ सेवा. डिस्चार्ज बुकातल्या नोंदीशी ताडून पाहा. नोंद आहे पण मेडल नाही असं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं.

आता प्रत्येक मेडलची कड बघा, भिंगाने. खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. बाजारात गणवेशासाठी मिळणाऱ्या नकलांची कड कोरी असते. सात मेडलांत एखादी कोरी निघाली तर मूळ हरवल्यावर त्याने नक्कल घेतली असेल. ती वेगळी ठेवा, टाकू नका, ती त्याने छातीवर लावलेली आहे.

ब्रासो लावायचं नाही. मेडलं बहुतेक तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असतात. ब्रासोत बारीक घर्षण करणारी भुकटी असते, दरवर्षी घासलं की कडेवरची अक्षरंच आधी पुसट होतात. हिरवट थरासाठी: रिबन काढा, कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रशने हलक्या हाताने, स्वच्छ पाण्यातून काढून लगेच पूर्ण कोरडं. तरी थोडा डाग राहिला तर राहू द्या. रिबन धुवायची नाही, रंग एकमेकांत उतरतात. फिक्या दोन रिबनी बदलायच्या तर ३२ मिलिमीटर रुंदीची रिबन मिळते, जुनी फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा.

फ्रेम खोल हवी, आतून किमान अडीच-तीन सेंटिमीटर, नाहीतर काच मेडलांवर टेकते. मागे आम्लरहित पुठ्ठ्यावर कापड, त्यावर मेडलं टाक्यांनी शिवायची. फेविकॉल किंवा हॉट ग्लू कधीच नाही. गोंदाने रिबन पिवळी पडते आणि पुन्हा कधी काढायची झाली तर फाटते. क्रम: पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला सर्वांत वरिष्ठ मेडल. वर दिलेल्या यादीत मी तोच क्रम लावलाय.

टांगायची जागा: पश्चिमेच्या उन्हाची भिंत नको, स्वयंपाकघराला लागून असलेली नको, आणि पावसाळ्यात ओल येणारी तर मुळीच नको. मागे दोन्ही कोपऱ्यांत रबरी गुटके लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. फ्रेममध्ये त्याचा गणवेशातला फोटो घालायचा असेल तर मूळ घालू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करून प्रिंट लावा.

मुलाला एखाद्या युद्धस्मारकावरच्या मानवंदनेला ती मेडलं लावायची असतील तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.

---

बे_नंबर_३

उस्तादचं काम लिहा म्हणालात. लेहकडच्या थंडीत गाड्या चालू ठेवण्याची त्याची पद्धत इथे उतरवतो. वर्कशॉपमध्ये नवा पोरगा आला की पहिला आठवडा हेच. त्याचं म्हणणं एकच होतं: गाडी सकाळी चालू होत नाही ती आदल्या संध्याकाळच्या चुकीने.

संध्याकाळी एअर ब्रेकच्या गाड्यांच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी सोडायचं, रोज. दिवसभर कॉम्प्रेसर ओलसर हवा दाबतो, टाकीत पाणी जमतं, रात्री ते लाइनमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये गोठतं. सकाळी गेजवर प्रेशर दिसतं आणि ब्रेक लागत नाहीत, किंवा लागलेले सुटत नाहीत. हे तो प्रत्येक ड्रायव्हरकडून समोर उभा राहून करून घ्यायचा.

हँडब्रेक ओढायचा नाही. बर्फातून आलेल्या गाडीचे ब्रेक शू ओले असतात, ते ड्रमला चिकटून गोठतात. गाडी गियरमध्ये आणि चाकांना लाकडी ठोकळे. चाकांखाली फळ्या, नाहीतर टायर जमिनीला धरतं आणि जोर लावला की क्लचवर येतं.

बॅटरी. हायड्रोमीटर खिशात असल्यासारखा. पूर्ण चार्ज बॅटरीचं आम्ल १.२८० दाखवतं, ते उणे ६० च्याही खाली गोठतं. उतरलेल्या बॅटरीचं १.१०० झालं की उणे ८ लाच गोठतं आणि केसिंग तडकतं. म्हणजे उतरलेली बॅटरी रात्री गाडीत ठेवणं म्हणजे ती फेकून देणं. २४ व्होल्टच्या गाड्यांत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. दोघींपैकी एक कमजोर असली तर तो दोन्ही बदलायचा, कारण जुनी नव्या बॅटरीला ओढून खाली आणते. रात्री बॅटऱ्या काढून उबेच्या खोलीत.

रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं. हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. नव्या पोरांना वाटायचं की नुसतं कूलंट भरलं तर आणखी चांगलं. उलट आहे. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि उष्णताही कमी वाहून नेतं. तो पोरांना एका डब्यात नुसतं कूलंट, दुसऱ्यात अर्धं-अर्धं भरून रात्री बाहेर ठेवायला लावायचा आणि सकाळी दोन्ही डबे हलवायला सांगायचा. पुन्हा समजावण्याची गरज पडायची नाही.

डिझेलचं मेण. थंडीत डिझेलमधलं पॅराफिन गोठून फिल्टर चोंदतो. इंजिन चालू होतं, दोन मिनिटांत धापा टाकून बंद पडतं. उणे ३३ पर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल लडाखला २०१९ च्या नोव्हेंबरात आलं, त्याच्या काळात नव्हतं. तेव्हा केरोसिन मिसळायचे. तो हात राखून मिसळायचा, कारण केरोसिनने फ्युएल पंपाचं वंगण कमी होतं आणि प्लंजर झिजतात. संध्याकाळी टाकी भरूनच गाडी उभी करायची, रिकाम्या टाकीत बाष्प जमून पाणी होतं.

फिल्टर बदलला की एअर काढणं. इथे त्याचा हात बघण्यासारखा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड आटे सैल, हँड प्राइमर सावकाश, बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की प्राइमर दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळायचा. सोडून आवळला की पुन्हा हवा आत. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरी चालू झालं नाही तरच इंजेक्टरचे नट सैल करून क्रँक. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू द्यायचा नाही, मध्ये एक-दोन मिनिटं थांबायचं. हातमोजे घालून तो हे सगळं करायचा. उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, हे त्याने कोणालाही स्वतः शिकू दिलं नाही, आधीच सांगितलं.

इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राखाली, म्हणजे 'संप'खाली, आग ठेवून तेल गरम करायची पद्धत अनेक ठिकाणी होती. तो ती करू द्यायचा नाही. त्या पात्राला तेलाचा ओघळ असतोच, एक ठिणगी पुरे. तेल गरम करायचंच असेल तर काढून वेगळं गरम करून भरा, म्हणायचा. वेळ लागतो, पण गाडी राहते आणि माणूसही.

---

चेन_टायर

@बे_नंबर_३, सगळं डोळ्यांसमोर आलं. स्नो चेनचं राहिलं. बर्फ लागण्याआधी सपाट जागी लावायच्या, चढावर अडकल्यावर नाही. ओढणाऱ्या चाकांना. पन्नास-शंभर मीटर चालवून उतरायचं आणि पुन्हा ताणायच्या, कारण पहिल्या फिरकीत कड्या बसतात आणि चेन ढिली होते. ढिली चेन ब्रेक होज तोडते. कोरडा रस्ता आला की लगेच काढायच्या. आणि हुकाचं तोंड नेहमी बाहेर, टायरच्या बाजूला नाही. शेवटची गोष्ट तो बोलायचा नाही, हुक उलटा दिसला की येऊन स्वतः फिरवायचा.

---

कोरेगावकर

दोघांचेही आभार. बाकीच्यांनीही असंच लिहा. हे सगळं एकत्र करून, छापून, मुलाच्या हाती द्यायचं आहे. वडील वर्कशॉपमध्ये काय होते हे त्याला आतापर्यंत 'फौजेत मेकॅनिक होते' एवढंच माहीत होतं.

दगडाबद्दल कोणी सांगेल का? मारुतीच्या देवळाशेजारची पंचायतीची जागा डोळ्यांसमोर आहे.

---

पाथरवट

जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. तोंडी होकारावर उभा केलेला दगड पुढच्या रस्तारुंदीकरणात पहिला जातो. ठरावात जागेची चतुःसीमा, मोजमाप आणि देखभाल कोणाकडे हे लिहा. पुतळ्याचा विचार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावं लागतं. साध्या शिळेला ठराव पुरतो, तरी ग्रामसेवकाकडून लेखी घ्या.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. गावोगावच्या वीरगळी पाहा, खालच्या कप्प्यात लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शिळांवर 'या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत' एवढाच मजकूर असतो आणि तो आजही वाचता येतो, कारण अक्षरं खोल आहेत. म्हणून सगळा खर्च अक्षरांवर करा, चकाकीवर नको.

काळा पाषाण की ग्रॅनाइट? हाताने कोरणारा चांगला कारागीर मिळत असेल तर आपला बेसॉल्ट. नसेल तर काळा ग्रॅनाइट आणि सँडब्लास्ट. उभ्या दगडासाठी दोन फूट बाय तीन फूट, जाडी अडीच ते तीन इंच. पातळ फरशी विटांच्या भिंतीवर सिमेंटने चिकटवली की मागे पोकळी राहते, दोन-तीन उन्हाळे-पावसाळ्यांत सुटून पडते. फरशीच लावायची असेल तर स्टेनलेसच्या पिना आणि टाइल अ‍ॅडहेसिव्ह, दोन्ही.

पाया: तुमच्याकडे काळी जमीन असेल तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, दगड कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, चार इंच काँक्रीट, त्यावर जोतं. दगडाचा किमान चौथा हिस्सा जोत्यात हवा.

अक्षरं तीन-चार मिलिमीटर खोल, उंची ३० मिलिमीटरपेक्षा कमी नको. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि अनुस्वार बारीक होतात, तिथे दगडाची कपची उडते. भरलेला ऑइलपेंट काही वर्षांत निघतो, अक्षर खोल असेल तर रंगाशिवायही वाचता येतं.

मजकूर कारागिराकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवू नका. त्याच्या यंत्राच्या जुन्या फाँटमध्ये उघडला की रफार सरकतो, 'ऱ्या' फुटतो, जोडाक्षरं हलंत होतात. पीडीएफ द्या, मग त्याच्याकडून पूर्ण आकाराची कागदी प्रिंट मागवा, दगडावर चिकटवून दोन वेगळ्या माणसांकडून अक्षर अक्षर वाचून घ्या. त्यातला एक घरचा असावा.

---

सुभेदार (नि.)

मजकूर थोडा ठेवा: रँक, नाव, कोर, सेवेची वर्षं, जन्म-मृत्यू, गाव. खाली ईएमईचं ब्रीद 'कर्म ही धर्म' घाला, त्याच्याइतकं ते कोणाला शोभत नाही. 'शहीद' लिहू नका, तो घरी आजाराने गेला. 'माजी सैनिक' पुरेसं आहे आणि खरं आहे. सेवेची वर्षं डिस्चार्ज बुकातूनच घ्या.

उद्‌घाटनाला १५ ऑक्टोबर, ईएमई कोर डे, चांगला. १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाला बहुतेक जण जिल्ह्याच्या कार्यक्रमात अडकलेले असतात.

कार्यक्रम छोटा: पुष्पचक्र वहिनींच्या हातून पहिलं, मग वर्कशॉपकडून एकच. बिगुलावर लास्ट पोस्ट (निरोपाची धून), दोन मिनिटं शांतता, मग राउझ (शांतता संपल्याची धून). बिगुलर मिळाला नाही तर रेकॉर्डिंग चालेल, पण तिन्ही गोष्टी एका फाइलमध्ये जोडून आणा आणि आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर वाजवून पाहा. लोक लास्ट पोस्ट वाजवतात आणि राउझ विसरतात, मग शांतता कधी संपली ते कोणालाच कळत नाही. ध्वज असेल तर तो अर्ध्यावर उतरवू नका, अर्धध्वज फक्त शासनाच्या आदेशाने होतो.

---

पेन्शनखाते

एक राहिलं. फॅमिली पेन्शन सुरू झाली की वहिनींना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागेल. देय तारीख पोर्टलवर दिसते. आधारवरचा अंगठा किंवा चेहरा चालतो, पण शेतात काम करणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे, मुलाला ती आताच एकदा लावून दाखवा. दाखला चुकला की पेन्शन थांबते.

---

कोरेगावकर

कामं वाटून घेतो. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणि स्पर्शवर कळवणं: मुलगा, या आठवड्यात. नावाच्या दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र आणि सिकंदराबादची फाइल: मी वहिनींना घेऊन साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जातो. मेडलांची कड तपासून फोटो: पाटण_१९, तुम्ही गावाजवळ आहात, फोटो इथे न टाकता मेडल_रिबन यांना खासगी पाठवा. ग्रामसभेचा ठराव: सरपंचांशी बोलणं झालंय, विषयपत्रिकेवर घेतायत.

पुस्तिकेसाठी अजून हवंय: गिअरबॉक्स उतरवताना तो कप्पी कुठे बांधायचा, आणि जोंग्याची (फौजेच्या जुन्या जीपची) क्लच प्लेट बदलायची त्याची रीत. ज्यांनी पाहिलंय त्यांनी इथेच लिहा, मोजमापांसकट.